सुनेच्या आजीची बिस्किटं आणि माझं अंडं न खाणं

वाचकाचं पत्र, थोडक्यात

सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका सहा महिन्यांसाठी मुलाकडे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये गेल्या आहेत. सून तिथेच जन्मलेली, पोर्तुगीज घरातली. तिची आजी पोर्तुगालच्या अझोर्स बेटांपैकी फायालची. ज्वालामुखीत शेत गेल्यावर १९५९ साली ती आईवडिलांबरोबर मॅसॅच्युसेट्समधल्याच फॉल रिव्हर या गावी आली आणि तिथलीच झाली. ही आजी दर शनिवारी लोण्याची बिस्किटं करायची, गोल कडी वळून. घरात त्यांना 'बिश्कोइतुश' म्हणतात. सून लहानपणी खुर्चीवर उभी राहून आजीच्या शेजारी कड्यांची टोकं जोडायची. गेल्या वर्षी आजी वारली. तेव्हापासून घरात ती बिस्किटं झालेली नाहीत.

बाईंना स्वयंपाकघरातल्या खणात आजीच्या अक्षरातलं कृतीचं कार्ड सापडलं. सुनेला आनंद व्हावा म्हणून, ती कामावर गेलेली असताना, त्यांनी बिस्किटं करून ठेवली. बाई अंडं खात नाहीत, हातातही घेत नाहीत. म्हणून अंड्याऐवजी दही आणि खायचा सोडा, लोण्याऐवजी घरी कढवलेलं साजूक तूप, आणि वर थोडी वेलची. कडी वळताना तुटायला लागली, तेव्हा चपटे गोळे करून भाजले. सुनेने अर्धं बिस्किट खाल्लं, "छान झालंय" म्हणाली आणि वर खोलीत निघून गेली. रात्री मुलगा म्हणाला, "आई, हा विषय परत नको काढूस."

बाई विचारतात: सुनेला माझा राग आला का? अंडं घालून पुन्हा करून बघू का? जन्मभराचा नेम सुनेसाठी मोडला तर काय बिघडतं? की मुलाचं ऐकून गप्प बसू?

ताई, नमस्कार.

आधी रागाचं बघू, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्या काळजीतून आलेत. तुमच्या पत्रात सुनेने केलेल्या तीनच गोष्टी आहेत. तिने अर्धं बिस्किट खाल्लं, चांगलं बोलली आणि उठून गेली. राग, नापसंती, 'यांना काय अधिकार' हे सगळं त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर तुम्ही जोडलंत. मला त्या उठून जाण्यात राग दिसत नाही. आजी जाऊन जेमतेम वर्ष झालंय. कामावरून दमून आलेल्या मुलीला कुणीतरी सांगतं की तुझ्या आजीची बिस्किटं केलीयत. ऐकल्याबरोबर तिच्या जिभेने लोण्याची आणि लिंबाच्या सालीची तयारी केली असणार. आणि तोंडात आलं तूप-वेलची. त्या क्षणी आजी नाही हे तिला पुन्हा एकदा कळलं. अशा वेळी माणूस उठून आत जातं. तीच बशी तुम्ही "नानकटाई केलीय गं" म्हणून पुढे केली असती, तर तिने चार खाल्ली असती आणि डब्यात भरून कामावरही नेली असती, असं मला मनापासून वाटतं.

आता मुलाचं बोलणं. त्याच्यावर रागावू नका, पण त्याचं वाक्य सुनेचं समजू नका. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं की नवऱ्याची धांदल उडते, आणि विषय बंद केला की पाणी बंद होईल असं त्याला वाटतं. 'ती म्हणाली की आईंना सांग' असं तुमच्या पत्रात कुठेही नाही. तेव्हा 'नको' हे अजून तिच्याकडून आलेलंच नाही.

तुमच्या पत्रात मी जिथे थांबले ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: सून लहानपणी खुर्चीवर उभी राहून कड्यांची टोकं जोडायची. ताई, याचा अर्थ ती बिस्किटं तिने नुसती खाल्लेली नाहीत, केलेली आहेत. तिचं त्या घरात, त्या ओट्यापाशी, ठरलेलं काम होतं. आपल्याकडे माया म्हणजे पदार्थ तयार करून ताट समोर ठेवणं. समोरच्याला बोट लावू द्यायचं नाही, त्यातच कौतुक. तुम्ही तेच केलंत, आणि त्यात मायाच होती. पण जिच्या आठवणीत आजीबरोबर *करणं* आहे, तिला तयार बशी मिळाली तर तिचा वाटा राहूनच जातो. म्हणून 'पुन्हा करून बघू का' या तुमच्या प्रश्नातला 'मी एकटीने' हा न लिहिलेला भाग मला आधी बाजूला करावासा वाटतो.

याच्या आधी थोडं त्या आजीच्या मुलखाबद्दल बोलू. पदार्थ कुठून आला हे कळलं की त्यात काय बदललेलं चालतं आणि काय चालत नाही तेही कळतं.

अझोर्स ही अटलांटिकमधली नऊ बेटं, लिस्बनपासून दीड हजार किलोमीटर पश्चिमेला. पाऊस भरपूर, वर्षभर हिरवा चारा, आणि गाई. पोर्तुगालच्या दुधाचा मोठा हिस्सा आजही या बेटांवरून येतो. त्यामुळे तिथल्या घरगुती बिस्किटात लोणी असणं ओघाने आलं. फायाल बेटाच्या पश्चिम टोकाला कापेलिन्युश इथे सप्टेंबर १९५७ मध्ये समुद्रातून ज्वालामुखी उसळला आणि पुढे तेरा महिने धगधगत राहिला. राखेखाली घरं गेली, शेतं गेली. मॅसॅच्युसेट्सचे तेव्हाचे सिनेटर जॉन केनेडी आणि ऱ्होड आयलंडचे जॉन पास्टोर यांनी पुढाकार घेऊन १९५८ साली अझोर्सच्या निर्वासितांसाठी खास कायदा करून घेतला. त्या वाटेने आलेली कुटुंबं फॉल रिव्हर, न्यू बेडफर्ड अशा गावांत उतरली. तिथे देवमासे मारणाऱ्या जहाजांच्या काळापासून त्यांची माणसं होतीच. तुमच्या सुनेची आजी यांतलीच एक. बरोबर फारसं काही आणता आलं नसणार. मैदा, साखर, लोणी, अंडी मात्र नव्या गावातही मिळत होती. दर शनिवारच्या त्या बिस्किटांचं वजन तुमच्या घरात एवढं का आहे, ते यावरून लक्षात येईल.

तुम्ही लिहिलंय की गोव्यात खाल्लेल्या बोलिन्यांसारखी असतील असं वाटलं होतं. नाव पोर्तुगीज असलं तरी बोलिन्यांत नारळ आणि रवा असतो, ती गोव्याची चव आहे. अझोर्सच्या कड्यांत नारळाचा संबंध नाही.

आणि नानकटाईशी तर उलटाच मामला आहे. नानकटाई आपण चांगली कधी म्हणतो? तोंडात घातल्याबरोबर विरघळली की. हे बिस्किट टणक असतं आणि टणकच असायला हवं. दूध घातलेल्या कॉफीत बुडवून खायचं ते. बुडवल्यावर कडं तुटून पेल्यात पडता कामा नये. 'कडक झाली तर बिघडली' ही आपली कसोटी इथे लावलीत तर उत्तम जमलेली बिस्किटंही तुम्हाला फसल्यासारखी वाटतील.

तुमची कडी का तुटली, तेही सांगते. लोण्यात सुमारे ऐंशी टक्के स्निग्धांश असतो आणि बाकी बहुतेक पाणी, थोडा दुधाचा अंश. तूप कढवताना हे पाणी उडून जातं आणि दुधाचा अंश बेरीच्या रूपाने खाली बसतो, तो आपण गाळून टाकतो. उरतो जवळजवळ शंभर टक्के स्निग्धांश. तो मैद्याच्या कणाकणाला असा माखतो की मैद्याला पाणी नीट मिळत नाही, चिकटपणा येत नाही. म्हणूनच नानकटाई भुसभुशीत होते, आणि म्हणूनच त्याच पिठाची वळी धरत नाही. शिवाय भाजताना लोण्याला जो खमंग तपकिरी वास येतो तो त्या दुधाच्या अंशामुळे, आणि तो तर गाळणीत राहिला. दही आणि सोड्याने पीठ आणखी पसरट केलं. म्हणजे तुमच्या हाताला दोष नाही. त्या सामानातून कडं होणारच नव्हतं.

आता कार्ड. त्यावर तुम्हाला एवढंच मिळालं: अंडी ३, लोणी १ कांडी, साखर १ कप, बेकिंग पावडर ३ चहाचे चमचे, लिंबाची साल, आणि मैदा 'लागेल तेवढा'. या शेवटच्या शब्दांनी तुम्ही अडलात. पण ताई, हे शब्द तुम्हाला नवे नाहीत. आपल्या आयांनी दुसरं काय लिहून ठेवलंय? पीठ हाताला चिकटायचं थांबलं की मैदा पुरे. अंडं लहानमोठं असतं, हवा कोरडी-दमट असते, म्हणून आजीने आकडा टाकला नाही. तरी सुरुवातीला धरायला काहीतरी हवं, म्हणून या जातीच्या बिस्किटांना चालणारं वजन देते. अमेरिकेतली लोण्याची एक कांडी म्हणजे ११३ ग्रॅम. साखरेचा एक कप २०० ग्रॅम. अंडी तीन, तिथली मोठ्या आकाराची. याला मैदा ४२० ग्रॅमपासून सुरू करायचा आणि गरज पडली तर एकेक चमचा वाढवत ४५० पर्यंत जायचं. त्यापुढे सहसा नको. मैदा जास्त झाला की वळी चिरते आणि बिस्किट टणक न होता कोरडं होतं. या दोन्हींतला फरक दाताला लगेच कळतो. शक्यतो वजनकाटा वापरा. तिथल्या कपाने मैदा पिशवीतून दाबून भरला तर कपामागे वीस-पंचवीस ग्रॅम सहज जास्त येतो, आणि तीन-चार कपांत बिस्किटाची जातच बदलते.

करायची रीत सरळ आहे. मऊ झालेलं लोणी आणि साखर फेटायची. त्यात पिवळी तेवढी लिंबाची साल किसायची, खालचा पांढरा भाग आला की कडवटपणा येतो. मग एकेक अंडं घालत फेटायचं. मैदा आणि बेकिंग पावडर एकत्र चाळून हळूहळू मिसळायची. लोणी बिनमिठाचं असेल तर चिमूटभर मीठ, खारं असेल तर वेगळं काही नको. पीठ झाकून अर्धा तास ठेवलं की मैदा ओल पिऊन घेतो आणि हाताला चिकटणं कमी होतं. न ठेवता घाईने वळायला घेतलं की माणूस मैद्यावर मैदा घालत सुटतं.

वळणं तुम्हाला शिकवायला नको. करंगळीएवढी जाड, वीतभराहून थोडी कमी लांबीची वळी करायची आणि टोकं एकमेकांवर दाबून कडं जुळवायचं. कडबोळ्यासारखंच. फरक एवढाच की टोकं दाबताना जरा जोर द्या. भट्टीत बेकिंग पावडरने कडं फुगतं आणि नुसती टेकवलेली टोकं उघडतात. काही घरांत वळी दुमडून तिला पीळ देतात आणि मग जोडतात. तुमच्या घरातली तऱ्हा कुठली ते सुनेलाच माहीत. भट्टी ३५० अंश फॅरनहाइटला, ट्रे मधल्या कप्प्यात, वीस मिनिटांच्या आसपास. वरचा रंग बघून काढू नका, एक कडं उचलून तळ बघा. तळ सोनेरी तपकिरी झाला की झालं. बाहेर काढल्यावर ती मऊच लागतील. जाळीवर पूर्ण गार झाल्यावर टणक होतात, तोवर डब्यात भरायची नाहीत.

बेकिंग पावडरच्या जागी सोडा चालणार नाही, हे मुद्दाम सांगते, कारण तुमच्यासारखी अदलाबदल बरेच जण करतात. सोड्याला काम करायला आंबट काहीतरी लागतं. कार्डावरच्या सामानात आंबट काहीच नाही, कारण आपण लिंबाची साल घालतो, रस नाही. मग सोडा तसाच राहतो आणि बिस्किटाला साबणासारखी चव येते.

आता अंड्याचा प्रश्न. या प्रश्नावर तुम्ही किती रात्री घालवल्यात हे पत्रातून जाणवतं.

तुम्ही लिहिलंय, 'खरी माया असेल तर नेम मोडायला हरकत काय?' मला या वाक्याची भीती वाटते. त्यात मायेला किंमत लावली आहे, आणि ती किंमत तुमच्याकडे कुणी मागितलेलीही नाही. सुनेने कधी म्हटलंय का की तुम्ही अंडं फोडा? ती तुमच्यासाठी फ्रिजचा एक कप्पा वेगळा ठेवते, असं तुम्हीच लिहिलंत. ज्या मुलीला तुमचा नेम माहीत आहे आणि जी तो न सांगता पाळते, तिच्यासाठी तुम्ही तो गुपचूप मोडला, तर तिला आनंदापेक्षा अवघडल्यासारखं होईल. आणि तुम्ही मन मारून, वास सहन करत केलेलं कडं तिला ओळखू येईल. स्वयंपाकघरातलं अवघडलेपण लपत नाही.

पण दुसरीही बाजू आहे. नेम कशाचा आहे हे एकदा स्वतःशी बघा. न खाणं आणि न शिवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तुम्हाला मनापासून पटलेली असेल. दुसरी कदाचित सासरच्या घरात, वेगळ्या भांड्यांच्या काळात, सवयीने आली असेल. ती तशीच ठेवायची की जरा सैल करायची हे तुम्हीच ठरवा, आणि सुनेशी संबंध न लावता ठरवा. 'मला आता पीठ वळायला चालेल, खाणार मात्र नाही' असं तुम्हाला स्वतःहून वाटलं तर छानच. नाही वाटलं तर त्यात तुमच्या मायेला उणेपणा नाही.

दोन्ही परिस्थितींत तुमचं काम शिल्लक राहतं. लोणी-साखर फेटणं, साल किसणं, मैदा चाळणं, ट्रेला कागद लावणं, भट्टीवर लक्ष ठेवणं यांत कुठे अंड्याला हात लागत नाही. अंडी ती फोडेल, वळ्या ती करेल. एक सांगून ठेवते: एकदा अंडं पडल्यावर कच्चं पीठ म्हणजे अंडंच, तेव्हा 'वळायला काय हरकत' असं कुणी आग्रहाने म्हणालं तरी तुमचा निर्णय आधी झालेला असू द्या. आयत्या वेळी भिडेपोटी हो म्हणणं आणि मग दिवसभर हात धूत बसणं नको.

'बिनअंड्याची कडी होतच नाहीत का?' होतात. लोणी तेच ठेवून, तूप नाही, तीन अंड्यांच्या जागी दीडशे ग्रॅमच्या आसपास घट्ट दही घातलं तर वळी धरते. पण अंडं इथे पिठाला ओल देतं, बांधून ठेवतं आणि भाजल्यावर तो टणकपणा देतं. दह्याचं कडं चावायला मऊ लागतं आणि कॉफीत लवकर ढासळतं. आवडीने खावं असं होतं, पण आजीचं होत नाही. म्हणून माझा कळकळीचा सल्ला: ते करा, पण आजीच्या नावाने करू नका. मागच्या वेळी नेमकं तेच दुखलं.

यावर एक वाट मला फार आवडते. पोर्तुगीज लोण्याच्या बिस्किटांत अंडं असतंच, हे तुम्ही धरून चाललाय. तसं नाही. लिस्बनजवळ समुद्रकाठी काश्काइश नावाचं गाव आहे. तिथली 'अरैयश' नावाची बिस्किटं प्रसिद्ध आहेत. त्यांत मैदा, लोणी, साखर आणि लिंबाची साल, एवढंच. मैदा २५० ग्रॅम, लोणी १५०, साखर १००. सगळं हाताने एकत्र करून लहान लिंबाएवढे गोळे करायचे, थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायचे म्हणजे पसरत नाहीत, ३५० अंशालाच पंधरा मिनिटं, कडेला जरा रंग येईपर्यंत. गरम असतानाच साखर-दालचिनीच्या भुकटीत घोळवायचे. ही तोंडात विरघळतात. तुम्हाला ती नानकटाईची लांबची बहीण वाटतील आणि हात एकदम ओळख दाखवेल. एक सावधगिरी: काही जण लोण्याबरोबर किंवा लोण्याऐवजी डुकराची चरबी वापरतात. घरी करताना प्रश्न नाही, पण फॉल रिव्हरच्या बेकरीतून कुठलंही पोर्तुगीज बिस्किट आणलंत तर विचारून घ्या.

अरैयश फायालची नाहीत, मुख्य भूमीवरची आहेत, तेव्हा आजीशी त्यांची तुलना कुणी करणार नाही. एकाच दुपारी एका ट्रेमध्ये तिची कडी आणि दुसऱ्यात तुमची अरैयश, किंवा चक्क तुमची तूप-वेलचीची नानकटाई. आजीचं ते आजीचं आणि तुमचं ते तुमचं. नातवंडं होतील तेव्हा त्यांना दोन्ही हवी असतील.

आता विचारायचं कसं? मुलाला मध्ये घालू नका. 'तू तिला विचार' म्हणालात की तो परत तिच्या डोळ्यांतलं पाणी आठवून नाही म्हणेल. सुनेला तुम्हीच विचारा. गंभीर चेहऱ्याने समोर बसवून नको, भांडी आवरताना किंवा गाडीत शेजारी बसलेल्या असताना विचारा. आधी मागच्या वेळचं मोकळं करा: "त्या दिवशी मी न विचारता तुझ्या आजीच्या कार्डाला हात लावला. तुला कसं वाटेल हे मला आधी विचारायला हवं होतं." एवढंच, लांबण नको. नाहीतर तीच तुम्हाला समजावत बसेल. मग दुसऱ्या दिवशी किंवा दोन दिवसांनी: "ती कडी कशी जोडायची ते मला दाखवशील का? अंडी तू फोड, बाकी मी करते." यात तुम्ही शिकणाऱ्या आहात आणि ती शिकवणारी. तुमच्यासारख्या शाळेत आयुष्य घालवलेल्या बाईला ठाऊक आहे की शिकवताना माणसाचं दुःख थोडं हाताला लागतं, कामाला लागतं.

वार साधा निवडा. आजीच्या वर्षश्राद्धाच्या आसपासचा किंवा नाताळच्या धामधुमीतला नको. तिला जमत असेल तर तिच्या आईलाही बोलवा. तुमच्या विहीणबाई वीस मिनिटांवर राहतात आणि पत्रात त्यांचा उल्लेख एका ओळीपुरता आहे, याचं मला नवल वाटलं. ज्यांची आई गेली त्या तर विहीणबाई आहेत. लोणी वितळवून घालायचं की मऊ करून फेटायचं (वितळवलं तर बिस्किट जास्त घट्ट होतं), पीळ द्यायचा की नाही, लिंबूच की कधी संत्र्याची साल, हे कार्डावर नसलेलं सगळं त्यांच्याकडे असणार. त्यांनाही कुणी विचारण्याची वाट पाहत बसावं लागलं असेल. भाषेची अडचण येईल असं वाटत असेल तर वजनकाट्याशी तुम्ही उभ्या राहा: त्या मुठीने मैदा टाकतील, तुम्ही आकडा लिहा. फक्त आजीच्या कार्डावर काही लिहू नका. वेगळा कागद घ्या.

आणि ती 'आत्ता नको' म्हणाली तर? तर नको. त्यावर "बरं, तुला वाटेल तेव्हा" एवढं म्हणून विषय तिच्या हवाली करा आणि खरोखरच सोडा. दर आठवड्याला डोळ्यांनी विचारत राहिलात तर ते सोडणं नव्हे. काही घरांत वर्षभराने कार्ड बाहेर निघतं, काही घरांत पाच वर्षांनी. तोवर तुमची नानकटाई आहेच, ती नानकटाई म्हणूनच करा.

या पत्रासारखीच आणखीही पत्रं येतात: लिस्बनला कामानिमित्त गेलेली मुलं शेजारणीच्या बिस्किटांवर लुब्ध होतात आणि पुण्यात आईकडून करवून घेऊ पाहतात. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. आपल्याकडचं नेहमीचं पिवळं लोणी चांगलंच खारट असतं, तेव्हा बिनमिठाचं आणा. घरच्या विरजणाच्या लोण्यात पाणी जास्त आणि आंबटपणाही असतो, ते या कामाला नको. तूपच वापरायचं असेल तर शंभर ग्रॅम लोण्याच्या जागी ऐंशी ग्रॅम तूप आणि वर एक मोठा चमचा थंड दूध, म्हणजे पाण्याची तूट भरते, वास मात्र तुपाचाच राहतो. छोट्या ओटीजीत (घरगुती विजेच्या भट्टीत) वरची तापणारी कांडी फार जवळ असते. ट्रे खालच्या कप्प्यात ठेवा, तापमान दहा-पंधरा अंश सेल्सियस कमी करा, आणि पहिल्या खेपेला चारच कडी भाजून वेळ ठरवा.

ताई, परतीच्या तिकिटाला अजून दोन महिने आहेत, असं तुम्ही लिहिलंय. या शनिवारी अरैयशचा घाट घाला, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. आणि एक बशी विहीणबाईंकडे स्वतः घेऊन जा.